फायनल दोन्ही क्लबांच्या घरी व्हायला पाहिजे, तिसऱ्या शहरात नको

कोपा लिबर्टाडोरेसची फायनल पुन्हा दोन मॅचची करावी, एक मॅच एका क्लबच्या घरी आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी इथे जरा सविस्तर मांडतोय. दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉल क्लबांची ही सगळ्यात मोठी स्पर्धा 1960 साली सुरू झाली, पहिली ट्रॉफी उरुग्वेच्या पेन्यारोलने नेली, आणि तेव्हापासून 2018 पर्यंत फायनल म्हणजे दोन लेग, म्हणजे प्रत्येकाच्या घरी एकेक मॅच, हे ठरलेलंच होतं. आधीच्या काळात बरोबरी झाली तर तिसरी मॅच न्यूट्रल ग्राउंडवर व्हायची, पण आधी दोन्ही घरी खेळायचं आणि मगच तिसरीकडे जायचं. 2019 पासून कॉन्मेबोलने, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने, हे मोडलं. आता एकच मॅच, शहर कित्येक महिने आधी ठरलेलं, मग फायनलला कोण का पोचेना.

कारण काय दिलं तर युरोपच्या चॅम्पियन्स लीगसारखा सोहळा हवा, टीव्हीवर जगभर विकता यायला हवा, आणि न्यूट्रल ग्राउंडवर कुणालाच घरचा फायदा नाही म्हणून ते जास्त न्याय्य. कागदावर वाचलं की पटतं सुद्धा. पण गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात काय झालं ते बघा.

2019 ची पहिली सिंगल फायनल चिलीच्या सांतियागोत होणार होती. तिथे मोठी आंदोलनं पेटली आणि 5 नोव्हेंबरला, म्हणजे मॅचला तीन आठवडे सुद्धा उरले नसताना, ती पेरूच्या लिमाला हलवली. ज्यांनी विमानाची तिकिटं, हॉटेलं सगळं बुक केलं होतं त्यांनी काय करायचं? फ्लेमेंगोचे फॅन्स रिओहून, रिव्हर प्लेटचे ब्युनोस आयर्सहून, आणि आता जायचं लिमाला. कित्येक लोक बसने निघाले, दिवसचे दिवस प्रवास करत. मॅच भारी झाली यात वादच नाही, रिव्हर 1-0 ने पुढे होते आणि फ्लेमेंगोच्या गॅबिगोलने 89व्या मिनिटाला आणि लगेच इंज्युरी टाइममधे असे दोन गोल टाकून कप फिरवला. पण मॅच भारी झाली म्हणून व्यवस्था बरोबर ठरत नाही, ती मॅच रिव्हरच्या मॉन्युमेंटल आणि रिओच्या माराकाना स्टेडियमवर झाली असती तरी भारीच झाली असती, आणि ती बघायला दोन्ही शहरातली माणसं तिथे असती.

पुढे तर अजूनच विचित्र व्हायला लागलं. 2019 ते 2025 या सात फायनलपैकी पाच फायनल ब्राझीलच्याच दोन क्लबांमधे झाल्या. त्यातली 2020 ची तेवढी ब्राझीलमधे, माराकानावर झाली, पण ती करोनामुळे जवळपास रिकाम्या स्टेडियममधे. बाकी चार? 2021 ला पाल्मेरास विरुद्ध फ्लेमेंगो, मॅच उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत. 2022 ला फ्लेमेंगो विरुद्ध अथलेटिको परानाएन्से, मॅच इक्वेडोरच्या ग्वायाकिलला. 2024 ला बोटाफोगो विरुद्ध अटलेटिको मिनेरो, मॅच ब्युनोस आयर्सला. 2025 ला परत पाल्मेरास-फ्लेमेंगो, मॅच परत लिमाला. रिओ आणि बेलो होरिझोंटे या शहरांमधलं अंतर बसने एका रात्रीचं आहे, आणि बोटाफोगो-मिनेरोची फायनल बघायला दोन्हीकडच्या लोकांना दोन हजार किलोमीटर लांब दुसऱ्या देशात जावं लागलं. ग्वायाकिल तर रिओपासून साडेचार हजार किलोमीटर आहे, आणि तिथे त्या दिवशी स्टँडमधे रिकाम्या खुर्च्या उघड दिसत होत्या. खंडातली सगळ्यात मोठी मॅच, फ्लेमेंगोसारखा क्लब ज्याचे चाहते कोट्यवधींनी मोजतात, आणि फायनलला खुर्च्या रिकाम्या! मला त्या दिवशी टीव्हीवर ते बघून खरंच वाईट वाटलं होतं. एका गावची जत्रा दुसऱ्याच गावात भरवायची आणि मग लोक कमी का आले म्हणून विचारायचं, तसा हा प्रकार आहे.

ब्राझीलचे क्लब सतत जिंकतायत त्याचं खापर मी सिंगल फायनलवर फोडत नाही. तिथे पैसा जास्त आहे, चांगले खेळाडू तिकडेच जातात, दोन लेग असते तरी बहुतेक तेच जिंकले असते. माझा मुद्दा कोण जिंकतं हा नाहीये, फायनल कुणाच्या डोळ्यांसमोर होते हा आहे.

आता 2018 कडे यायलाच पाहिजे, कारण सिंगल फायनलच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण तिथेच बोट दाखवतो. बोका ज्युनिअर्स विरुद्ध रिव्हर प्लेट, ब्युनोस आयर्स या एकाच शहरातले दोन कट्टर शत्रू, लिबर्टाडोरेसच्या फायनलला पहिल्यांदाच समोरासमोर. पहिली लेग बोकाच्या बोंबोनेरा स्टेडियमवर, पावसामुळे एक दिवस पुढे ढकलून 11 नोव्हेंबरला झाली, 2-2. दुसरी लेग 24 नोव्हेंबरला रिव्हरच्या मॉन्युमेंटलवर होती. बोकाची बस स्टेडियमजवळ आली आणि रिव्हरच्या फॅन्सनी तिच्यावर दगड-बाटल्या फेकल्या, काचा फुटल्या, कॅप्टन पाब्लो पेरेझच्या डोळ्याला लागलं, पोलिसांच्या अश्रुधुराचा त्रास खेळाडूंनाही झाला. मॅच त्या दिवशी पुढे ढकलली, मग दुसऱ्या दिवशी परत ढकलली, आणि शेवटी 9 डिसेंबरला थेट स्पेनमधे माद्रिदच्या बर्नाबेऊवर खेळवली. रिव्हरने एक्स्ट्रा टाइममधे 3-1 ने जिंकली, क्विंतेरोचा तो गोल आणि शेवटी गोलकीपर पुढे गेलेला असताना पिटी मार्टिनेझने रिकाम्या गोलात मारलेला बॉल आजही लोक काढून काढून बघतात.

यावर म्हणतात की बघा, घरी खेळवलं की असं होतं. पण नीट बघा काय झालं ते. अर्जेंटिनात 2013 पासूनच पाहुण्या टीमच्या फॅन्सना बंदी होती, म्हणजे त्या दिवशी स्टेडियममधे बोकाचे फॅन्स नव्हतेच, दोन गटांमधे मारामारी झाली असा हा प्रकार नव्हता. टीमची बस गर्दीच्या मधून नेली आणि तिला पुरेसं पोलीस संरक्षण नव्हतं, हे बंदोबस्ताचं अपयश आहे. त्याच ब्युनोस आयर्समधे त्याच आठवड्यात, 30 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबरला, जी-20 ची बैठक झाली, जगभरचे राष्ट्रप्रमुख आले आणि सुखरूप गेले. म्हणजे त्या शहराला बंदोबस्त जमत नाही असं कुणीच म्हणू शकत नाही. एका बसला नीट रस्ता काढून देणं जमलं नाही म्हणून मॅच दहा हजार किलोमीटर लांब नेली, आणि ज्यांनी दगड उचललाही नव्हता अशा हजारो लोकांनी घेतलेली तिकिटं हातात राहिली. त्यातले किती जण माद्रिदला जाऊ शकले असतील?

माद्रिदला दोन्हीकडचे फॅन्स एकाच स्टेडियममधे शांतपणे बसले हेही आवर्जून सांगतात. खरं आहे ते. पण जे तिथे पोचले ते एकतर युरोपात राहणारे अर्जेंटिनियन, नाहीतर ज्यांच्याकडे विमानाचे पैसे होते ते. आणि मुळात दोन्ही फॅन्स शांतपणे बसू शकतात हे सिद्ध झालं असेल तर तेच घरी का करू नये, पाहुण्यांना बंदी कशाला, हा प्रश्न उलट जास्त जोरात विचारायला हवा.

आणि सिंगल फायनल आली म्हणून हिंसा थांबली का? 2023 ची फायनल माराकानावर होती, फ्लुमिनेन्से विरुद्ध बोका. ग्राउंड आधीच ठरलेलं आणि नेमका त्याच ग्राउंडवर रोज खेळणारा क्लब फायनलला पोचला, म्हणजे कागदावर न्यूट्रल आणि प्रत्यक्षात फ्लुमिनेन्सेचं घर. बोकाचे फॅन्स प्रचंड संख्येने रिओला आले, कित्येकांकडे तिकीटच नव्हतं, आणि मॅचच्या आधीच कोपाकबाना बीचवर मारामाऱ्या झाल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दोन लेग असते तर त्यातली बहुतेक माणसं ब्युनोस आयर्सला बोंबोनेरावर नाहीतर आपापल्या गल्लीत असती. लोकांना घरी फायनल मिळत नाही म्हणून ते हजारोंनी तिकिटाशिवाय परक्या शहरात येतात, आणि मग त्या शहराच्या पोलिसांना त्यांची काहीच ओळख नसते.

न्याय्यतेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. दुसरी लेग ज्याच्या घरी त्याला फायदा, असं म्हणतात. मग 2008 बघा. इक्वेडोरच्या एलडीयू क्विटोने पहिली लेग घरी 4-2 ने जिंकली, क्विटो साधारण 2850 मीटर उंचीवर, तिथे खालून आलेल्या टीमला दम लागतो. दुसरी लेग माराकानावर, खच्चून भरलेलं स्टेडियम, फ्लुमिनेन्सेच्या थियागो नेवेसने हॅटट्रिक मारली, 3-1, एकूण 5-5. आणि पेनल्टीवर एलडीयूच्या सेवायोस या गोलकीपरने तीन पेनल्टी अडवल्या, कप इक्वेडोरला गेला, त्या देशाचा पहिलाच. एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला माराकानाची गर्दी, दोघांनीही एकमेकांच्या घरच्या फायद्याला तोंड दिलं. याच्यापेक्षा न्याय्य काय असतं ते मला कुणीतरी सांगा. 2013 ला ऑलिम्पियाने असुन्सिऑनला अटलेटिको मिनेरोला 2-0 ने हरवलं, आठवड्याने बेलो होरिझोंटेमधे मिनेरोने 2-0 केलं, दुसरा गोल 87व्या मिनिटाला, मग पेनल्टीवर जिंकले. तो मधला आठवडा, हरलेल्या शहराने जागून काढलेला, तो सिंगल फायनलमधे नसतोच. नव्वद मिनिटं झाली की संपलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं उदाहरण मानिझालेसचं आहे. कोलंबियाच्या डोंगरातलं, कॉफीच्या पट्ट्यातलं मध्यम आकाराचं शहर, क्लबचं नाव ऑन्से काल्दास. 2004 साली या क्लबने सांतोसला बाहेर काढलं, साओ पावलोला बाहेर काढलं, आणि फायनलला समोर आली कार्लोस बियांचीची बोका, म्हणजे गतविजेते. बोंबोनेरावर 0-0. मग 1 जुलैला मानिझालेसच्या पालोग्रान्दे स्टेडियमवर 1-1, आणि पेनल्टीमधे बोकाच्या चारही पेनल्टी वाया गेल्या. खंडाचा कप मानिझालेसमधे, मानिझालेसच्या लोकांसमोर उचलला गेला. आता विचार करा, आजच्या नियमात मानिझालेसला कधीतरी फायनल मिळेल का? कधीच नाही. कारण यजमान शहर निवडताना मोठा विमानतळ, हजारो हॉटेल खोल्या, मोठं आधुनिक स्टेडियम हे बघितलं जातं, म्हणजे लिमा, रिओ, ब्युनोस आयर्स, माँटेव्हिडिओ हीच नावं फिरून फिरून येणार. लहान शहराकडे फायनल येण्याचा एकच रस्ता होता, त्यांच्या पोरांनी मैदानावर जिंकत जिंकत ती आणायची. तो रस्ताच बंद केला. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

स्टेडियम लहान असण्याची अडचण खरी आहे, पण त्याच्यावर उत्तर आधीपासून होतं. 2013 ला मिनेरोने आपलं नेहमीचं ग्राउंड सोडून त्याच शहरातल्या मोठ्या मिनेराओवर मॅच घेतली, 2016 ला इक्वेडोरचा इंडिपेंडिएन्टे देल वाये हा लहान क्लब फायनलला पोचला तेव्हा ती लेग शेजारच्या क्विटोच्या मोठ्या स्टेडियमवर झाली. तासाभराच्या अंतरावर जाणं वेगळं आणि सीमा ओलांडून विमानाने जाणं वेगळं.

युरोपात चालतं मग इथे का नाही, असं कुणी विचारेल. युरोपात अंतरं कमी, ट्रेन आहेत, स्वस्त विमानं आहेत, आणि तिथे पहिल्यापासून म्हणजे 1956 च्या पॅरिसच्या फायनलपासूनच एकच मॅच आहे, लोकांना सवय आहे. तरी तिथेही सगळं छान आहे असं नाही. 2019 ची युरोपा लीग फायनल आर्सेनल विरुद्ध चेल्सी, दोन्ही क्लब लंडनचे, मॅच अझरबैजानच्या बाकूला, जवळपास सत्तर हजारांच्या स्टेडियममधे प्रत्येक क्लबला साधारण सहा हजार तिकिटं, आणि आर्सेनलचा मिखितार्यान आर्मेनियाचा, अझरबैजानशी त्या देशाचं वैर होतं, म्हणून सुरक्षेच्या काळजीने गेलाच नाही. 2022 ला पॅरिसमधे चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूलचे फॅन्स तिकिटं असून गेटबाहेर अडकले, अश्रुधूर सोडला, मॅच अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाली. मग नक्कल तरी कशाची करायची?

आफ्रिकेने हे करून बघितलं आणि परत फिरले, हे फार कमी लोकांना माहीत आहे. त्यांच्या चॅम्पियन्स लीगची 2019 ची फायनल दोन लेगची होती, मोरोक्कोची वायदाद विरुद्ध ट्युनिशियाची एस्पेरान्स. ट्युनिशियात दुसऱ्या लेगला वायदादचा बरोबरीचा गोल नाकारला, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची यंत्रणा, बंद पडलेलं होतं, खेळाडूंनी मॅच पुढे खेळायला नकार दिला आणि प्रकरण खेळ लवादापर्यंत गेलं. त्यानंतर 2020 पासून सिंगल फायनल आली. 2022 ला काय झालं? मैदान म्हणून कासाब्लांका ठरलं आणि फायनलला पोचली कासाब्लांकाचीच वायदाद, समोर कैरोची अल अहली. अल अहलीने तक्रार केली, उपयोग झाला नाही, वायदाद 2-0 ने जिंकली. पुढच्याच वर्षी 2023 ला आफ्रिकेने दोन लेग परत आणले, आणि योगायोग बघा, परत हेच दोन क्लब फायनलला. कैरोत अल अहली 2-1, कासाब्लांकात 1-1, कप अल अहलीकडे. यावेळी दोघांनाही आपापलं घर मिळालं होतं, मैदानाबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. 2025 ला पिरॅमिड्सने सनडाउन्सला दक्षिण आफ्रिकेत 1-1 रोखलं आणि कैरोत 2-1 ने हरवून पहिला कप घेतला. आफ्रिकेत विमानप्रवास दक्षिण अमेरिकेपेक्षा सोपा नाही, स्वस्त तर नाहीच नाही, म्हणून तर त्यांना हे लवकर कळलं असं मला वाटतं.

आणि आपला आशिया नेमका उलटीकडे गेला. 2024 ची आशियाई फायनल आठवा, जपानच्या योकोहामाने घरी यूएईच्या अल ऐनला 2-1 ने हरवलं आणि दोन आठवड्यांनी अल ऐनने आपल्या घरी 5-1 ने सगळं उलटं केलं. केवढी फायनल होती ती! आणि पुढच्या सीझनला क्वार्टर फायनलपासून सगळ्या मॅच सौदीतल्या जेद्दाहला. 2025 ची फायनल सौदीची अल अहली (कैरोची नव्हे, नाव तेवढं सारखं) विरुद्ध जपानची कावासाकी फ्रोंटाले, जेद्दाहच्याच क्लबने जेद्दाहच्याच स्टेडियममधे 2-0 ने जिंकली. कावासाकीच्या पोरांनी सेमी फायनलला अल नासरला हरवलं होतं, आणि त्यांच्या शहराने त्यातलं काहीच प्रत्यक्ष बघितलं नाही. पैसा जिकडे फायनल तिकडे, हे यातून सरळ दिसतं, आणि याला न्यूट्रल म्हणणं मला मान्य नाही.

आपल्याशी याचा काय संबंध असं वाटत असेल तर मुंबई सिटीकडे बघा. दोनदा इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, कप जिंकला. 2021 ला गोव्यात फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियमवर, बिपिन सिंगचा 90व्या मिनिटाचा गोल, करोनाचा सीझन होता म्हणून ते समजू शकतो. दुसरा 2024 ला कोलकात्यात सॉल्ट लेकवर, मोहन बागानला 3-1 ने हरवून. तेव्हा नियम असा होता की वर नंबर असलेल्या टीमच्या घरी फायनल, तो न्यूट्रल शहरापेक्षा नक्कीच बरा, किमान एका क्लबचे लोक तरी स्टँडमधे असतात. पण मुंबईच्या माणसाने आपल्या टीमची फायनल मुंबईत कधी बघितलीच नाही. नोव्हेंबर 2023 ला सौदीची अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला नवी मुंबईत डीवाय पाटीलवर आली होती, नेमार जखमी असल्याने आला नाही, तरी तीस हजारांवर लोक गेले, आणि ती फक्त ग्रुप स्टेजची मॅच होती. ऑक्टोबर 2025 ला फातोर्ड्याला अल नासर आली, रोनाल्डो नव्हता, गोवा 1-2 ने हरलं, पण गोव्याचा गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने मारला, गोव्याच्या लोकांसमोर. या गोष्टी होम मॅच असते म्हणूनच घडतात. आणि कोल्हापूरच्या माणसाला तर हे समजवायची गरजच नाही, पाटाकडील विरुद्ध खंडोबा असो की दिलबहार, शाहू स्टेडियमची फायनल उद्या कुणी दुबईला नेतो म्हणाला तर काय होईल ते कोल्हापूरकरच सांगतील.

मग करायचं काय? माझ्या मते दोन लेग परत आणायच्या, ग्रुप स्टेजमधे ज्याची कामगिरी चांगली त्याला दुसरी लेग घरी. पाहुण्या क्लबला स्टेडियमचा एक ठराविक हिस्सा सक्तीने द्यायचा, आणि यजमान शहराचे पोलीस तो सांभाळू शकत नसतील तर ती लेग त्याच देशातल्या दुसऱ्या शहरात न्यायची, दुसऱ्या खंडात नाही. टीमच्या बसचा रस्ता आणि बंदोबस्त ही कॉन्मेबोलची थेट जबाबदारी धरायची, तिथे काही झालं तर दंड फक्त क्लबला नको, संघटनेलाही जाब विचारला गेला पाहिजे. टीव्हीवाल्यांना तर एका ऐवजी दोन मॅच विकायला मिळतील, त्यामुळे त्यांचं नुकसान होतं हा युक्तिवाद मला आजवर कळलेला नाही. आणि हे सगळं एका दमात होत नसेल तर किमान एवढं तरी आत्ताच करता येईल, की दोन्ही फायनलिस्ट एकाच देशाचे निघाले तर ठरलेलं शहर रद्द करून मॅच त्या देशात घ्यायची. बोटाफोगो-मिनेरोचे फॅन्स तेव्हा रात्रीच्या बसने गेले असते.